बोथट तलवारीची पूजा

सुरतेत तलवार शिकवणारा एक पारशी म्हातारा आलाय म्हटल्यावर पांडेसऱ्यातल्या आमच्या चाळीत पहिला प्रश्न निघाला तो असा, की शिकून मारायचं कोणाला? कोणालाच नाही, असं उत्तर आल्यावर लोकांचा रस संपला आणि ते पुन्हा पत्ते कुटायला बसले.

रस टिकला तो फक्त माझ्या वडिलांचा. माझे वडील म्हणजे धुडकू वस्ताद. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. मूळचे पारोळ्याकडचे. दिवसा कापड रंगवण्याच्या कारखान्यात फिटर आणि संध्याकाळी चाळीमागच्या मोकळ्या जागेत दांडपट्ट्याचे वस्ताद. कोपरापर्यंत लोखंडी मूठ आणि पुढे लांब लवलवतं पातं, असा त्यांचा पट्टा होता. माणसाच्या तळहातावर लिंबू ठेवून ते पट्ट्यानं उभं चिरायचं, हा नानांचा खेळ आसपासच्या चार वस्त्यांत नावाजलेला. तळहात बहुतेक वेळा माझाच असे. त्यात भ्यायचं काय, असं मी मैत्रिणींना ऐटीत सांगायची. खरं म्हणजे दर वेळी मी भ्यायची, पण तसं सांगितलं असतं तर नानांनी दुसऱ्या कोणाचा तरी हात घेतला असता आणि ते मला चाललं नसतं.

बहात्तरच्या दसऱ्याला अर्देशर मास्तरांनी हा खेळ पाहिला. बारीक, ताठ माणूस, पांढरी पॅन्ट, सत्तरीच्या आसपासचे. तरुणपणी बोटीवर नोकरीला होते आणि फ्रान्सच्या कुठल्याशा बंदरावर बोट सहा महिने दुरुस्तीला अडकली तेव्हा तिथल्या वस्तादाकडे तलवार शिकले होते. आता नानपुऱ्यात बहिणीकडे राहायचे. खेळ संपल्यावर ते सरळ नानांसमोर आले आणि म्हणाले, मला तुमच्यातल्या दोन मुली द्या. नानांची मूठ आवळली गेलेली मी पाहिली. मास्तरांना आपण काय बोललो ते उमगायला थोडा वेळ लागला, मग ते एवढे लाजले की कान लाल झाले. त्यांना मुली हव्या होत्या त्या शिकवायला. मुलगे तलवार मिळाली की नुसती फिरवत सुटतात, त्यांना टोक वापरायचं ऐकूच येत नाही, असं त्यांचं मत होतं.

त्या दोन मुली म्हणजे मी, कला, आणि शकू.

शकू रामजीकाकांची मुलगी. रामजीकाका अकोल्याकडून आलेले, उधन्याच्या रेल्वे यार्डात खलाशी, म्हणजे जड सामान हलवणारे मजूर. त्यांची बौद्ध लोकांची वस्ती आमच्या चाळीपासून नाल्यापलीकडे. दोन वर्षं आधी शकू नाल्याकडच्या भिंतीवर बसून रोज आमचा आखाडा बघायची. एक दिवस नाना तिला म्हणाले, बघून काय येतं, खाली उतर. चाळीतले दोघं-तिघं कुरकुरले. नानांनी त्यांना सगळ्यांदेखत झापलं. "हत्यारले जात नही ऱ्हास," ते म्हणाले. त्या एका वाक्याचा मला इतका अभिमान होता की मी ते शाळेतसुद्धा सांगत फिरायची.

मास्तरांजवळ चार तलवारी होत्या. तलवारी कसल्या, चौकोनी बारीक सळ्या, पुढे खिळ्याच्या डोक्यासारखं चपटं टोक आणि त्यावर रबराची बोंडी. शिवाय जाड कापडाची दोन पांढरी जाकिटं आणि तोंडावर घालायच्या दोन जाळ्या. पहिल्या दिवशी नानांनी ती सळई बोटात धरून वाकवली आणि याने तर उंदीरही मरायचा नाही, असं अहिराणीत म्हणाले. मास्तरांना अहिराणी येत नव्हती, पण वस्तादाचा चेहरा वाचता येत होता. त्यांनी राग मानला नाही. रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसून त्यांनी गोष्ट सांगायला घेतली, आणि पुढली दोन वर्षं दर रविवारी ती गोष्ट चालूच राहिली.

गोष्ट अशी, की तिकडे पूर्वी माणसं अपमान झाला म्हणून एकमेकांना पहाटे मैदानात बोलवायची आणि तलवारीनं मारायची. हजारांनी मेली. राजांनी बंदी घातली तरी मरतच राहिली. शिकवणारे वस्ताद वैतागले, कारण शिकवताना शिष्यांचे डोळे जायचे. मग कोणीतरी टोक बोथट करून त्यावर फुलाच्या कळीसारखी बोंडी बसवली. म्हणून फ्रेंच लोकांनी या तलवारीला फुलाचंच नाव दिलं. मग कोणीतरी तारेची जाळी काढली आणि तोंड झाकलं. मग नियम आले, की आधी ज्यानं हल्ला केला त्याचा मान आधी, समोरच्यानं तो अडवायचा आणि मगच उलट मारायचं. अठराशे शहाण्णव साली अथेन्सला ऑलिम्पिक पहिल्यांदा भरलं तेव्हा हा खेळ त्यात होता. बायकांना आत घ्यायला अठ्ठावीस वर्षं लागली. आता परदेशात तलवारीला वायर लावतात, टोक लागलं की दिवा पेटतो.

"दीकरी," मास्तर मला म्हणाले, "जिस दिन नोक पर ये कली बैठी, उस दिन मारामारी मर गयी और खेल पैदा हुआ. बस, इतनी ही हिस्ट्री है."

नाना लांबून ऐकत होते. धार गेली म्हणजे हत्याराचा प्राण गेला, असं ते संध्याकाळी घरी माझ्या मायला म्हणाले. माय म्हणाली, गेला तर गेला, पोरीचे डोळे राहिले ना.

आमच्याकडे वायर नव्हती आणि दिवाही नव्हता. मास्तर म्हणाले, त्यांच्या तरुणपणी दिवा नव्हताच. ज्याला लागलं त्यानंच हात वर करून 'तुशे', म्हणजे लागला, असं सांगायचं. न सांगणारा माणूस कितीही चांगला खेळला तरी त्याच्याशी पुन्हा कोणी खेळायचं नाही. आम्ही त्या फ्रेंच शब्दाच्या नादी लागलो नाही, सरळ 'लागला' म्हणायचो. शकू पातं नुसतं घासून गेलं तरी हात वर करायची. मी लबाड. थोडंसं लागलं तर चूप राहायची आणि मास्तरांनी नुसतं माझ्याकडे बघितलं की मगच कबूल व्हायची. शकू याचा कधी राग धरायची नाही, आणि त्यामुळे मलाच तिचा राग यायचा.

चौऱ्याहत्तर साली मास्तर एक बातमी घेऊन आले. मुंबईत त्यांच्या ओळखीचे काही लोक डिसेंबरात या खेळाचं प्रदर्शन भरवणार होते आणि आमच्या जोडीला बोलावणं होतं. शकूनं त्या दिवशी आखाड्याला धावत तीन फेऱ्या मारल्या. ती तोपर्यंत सुरतेहून फक्त अकोल्याला गेली होती. तिच्या मनात होतं ते मला ठाऊक होतं. मुंबईत चांगलं खेळलं तर हे लोक आपल्याला शिकवायला ठेवतील, मग साडीच्या कारखान्यात धागे कापायला जावं लागणार नाही. रामजीकाका मात्र तयार होईनात. परगावी, परक्या माणसांत, तलवारी घेऊन? नाना त्यांच्या घरी गेले, उंबऱ्याशी उभे राहिले आणि म्हणाले, रामजीभाऊ, तुनी पोर ती मनीच पोर, तिच्या केसाला धक्का लागला तर माझी मान घ्या. शेवटी रामजीकाका हो म्हणाले. शकू मुंबईला जाणार हे त्या शब्दावर ठरलं.

मुंबईच्या आधी वस्तीसमोर एक डाव खेळून दाखवा, असं मास्तरांनी सुचवलं. दसऱ्याचा दिवस ठरला.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्या खानदेशी घरांत त्या दिवशी देवीपुढे हत्यारं मांडतात, आणि हत्यारं म्हणजे जे ज्याच्या पोटापाण्याचं असेल ते. नानांचा पट्टा, पाने, स्क्रू ड्रायव्हर, मायची विळी, सगळं घासून-पुसून, धार लावून हळदीकुंकवाला बसतं. धार नसलेलं हत्यार देवीपुढे ठेवायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. विळीसुद्धा माय आदल्या दिवशी धारवाल्याकडून आणते. त्या वर्षी अष्टमीला नाना म्हणाले, कलाची तलवारही पूजेला पाहिजे, पोरगी मुंबईला चालली. दोघींच्या तलवारी आमच्याच घरी असत. मी माझी त्यांच्या हातात दिली आणि मैत्रिणीकडे गेले. नवमीला सकाळी पाहिलं तर पट्ट्याशेजारी माझी सळई, मुठीवर हळदीची बोटं, कुंकू, झेंडूचं एक फूल, आणि टोकावर बोंडी जिथल्या तिथे. मला ते फार सुंदर दिसलं. मी वाकून नमस्कार केला, तलवारीला आणि नानांनाही.

दसऱ्याला दुपारी चारला आखाड्याभोवती तीनशे माणूस होतं. रामजीकाका आणि शकूची आई रंभाबाई पुढच्या बाकावर, सकाळची वंदना आटोपून आलेले, पांढऱ्या कपड्यांत. नाल्यापलीकडची निम्मी वस्ती त्यांच्या मागे उभी. मास्तरांनी दोन्ही तलवारी हातात घेतल्या, पाती वाकवून बघितली, दोन्ही बोंड्या अंगठ्यानं दाबून बघितल्या. माझ्या मुठीवरची हळद बघून ते हसले. मग त्यांनी लोकांना हात जोडले आणि आम्हाला समोरासमोर उभं केलं.

पाच गुणांचा डाव. चार-चार झाले. शेवटच्या गुणाला शकू पुढे आली, मी तिचं पातं बाजूला सारलं आणि हात लांब केला. माझा हात तोपर्यंत इतका सरळ कधी गेला नव्हता. एरवी टोक लागलं की पातं कमानीसारखं वर वाकतं, आणि मुठीत तो धक्का येतो. तो धक्का आला की आम्हाला कळायचं, लागलं. त्या दिवशी पातं वाकलं नाही. ते नुसतं पुढे गेलं.

शकूनं डावा हात वर केला. "लागला," ती म्हणाली, नेहमीच्याच आवाजात.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी शिट्टी मारली. मी हात मागे घेतला तेव्हा पातं अडकल्यासारखं झालं आणि मग सुटलं. बोंडी टोकावर नव्हती, टोकाच्या चार बोटं मागे पात्यात ओवली गेली होती, आणि तिच्यापुढे टोक उघडं होतं, दाभणासारखं. मी त्या टोकाकडे बघत राहिले. हे माझ्या हातात कुठून आलं, एवढंच डोक्यात. टाळ्या अजून चालू होत्या. शकूनं जाळी वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, कला, गरम वाटतंय. तिच्या जाकिटावर गळ्याच्या हाडाखाली रुपयाएवढा लाल ठिपका होता आणि तो वाढत होता.

टाळ्या कधी थांबल्या ते मला आठवत नाही. रंभाबाई बाकावरून उठून मुलीपर्यंत आली आणि तिनं आपला पदर त्या लाल जागेवर दाबून धरला, तेव्हा पहिल्यांदा लोकांना कळलं की हे खेळातलं नाही. मास्तर तिच्याशेजारी गुडघ्यावर बसले होते. कारखान्याचा टेम्पो आला. शकूला त्यात घातलं. मी आत चढू लागले तेव्हा रामजीकाकांच्या वस्तीतल्या एका माणसानं मला आडवा हात घातला, आणि तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं की तलवार अजून माझ्या हातात आहे.

सिव्हिलच्या व्हरांड्यात आम्ही दोन टोकांना उभे होतो. एका टोकाला नाल्यापलीकडची माणसं, दुसऱ्या टोकाला आम्ही चाळीतले. मध्ये हवालदार, वर्तमानपत्रात गुंडाळलेली माझी तलवार घेऊन. फुप्फुसाला भोक पडलंय, एवढंच आतून कळलं होतं. हवालदारानं विचारलं, ही कोणाची? मास्तर पुढे झाले. तलवार माझी, तपासायचं काम माझं, जे असेल ते माझ्या नावावर लिहा, असं ते गुजरातीत म्हणाले. त्यांच्या पांढऱ्या पॅन्टच्या गुडघ्यांना अजून शकूचं रक्त होतं.

"टोक मी घासलं," नाना म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. मीही वळले. माझ्या बापानं कारखान्यातल्या चाकावर ते चपटं टोक घासून अणकुचीदार केलं होतं, पूजा केली होती, आणि मग मास्तरांचा नियम मोडू नये म्हणून बोंडी पुन्हा काळजीपूर्वक वर बसवली होती. आत देवीसाठी धार, बाहेर खेळासाठी रबर, दोघांचंही राहिलं, असा त्यांचा हिशेब. रबर पुरेल असं त्यांना मनापासून वाटलं होतं. आयुष्यभर धारेशी खेळलेला माणूस, आणि त्याला टोकाचं काही कळत नव्हतं. मला ते ऐकून किंचाळावंसं वाटलं.

रामजीकाका व्हरांड्याच्या त्या टोकाहून चालत मधोमध आले. ते कधीच मोठ्यानं बोलत नसत, तेव्हाही बोलले नाहीत.

"वस्ताद, दोन्ही तलवारी घासल्या व्हत्या का एकच?"

नानांनी मान खाली घातली. "एकच. कलानी तलवार."

एकाच तलवारीला धार. आपल्या मुलीच्या. आणि समोर रामजीची मुलगी, बोथट सळई घेऊन. नाल्यापलीकडचा प्रत्येक माणूस जे समजायचं ते समजला, की वस्तादानं हे जाणूनबुजून केलं; मी त्यांच्या तोंडांवर ते वाचलं. आणि जे माझ्या मनात आलं ते मी आजही पुसू शकत नाही. मी नानांकडे बघितलं आणि एक क्षण, फक्त एक क्षण, मला तसंच वाटलं. हत्याराला जात नसते म्हणणारा माझा बाप मला त्या क्षणी परका दिसला. नाना माझ्याकडेच बघत होते.

"शकूची का नाही घासली?" रामजीकाकांनी विचारलं.

नाना तुटक तुटक बोलले. "तुमनामा हयद-कुखू चालस नही. तुम्ही सोडी दिन्हं ते. म्हनीसन तिनी तलवारले मी हात लाया नही. तुमना मान ऱ्हावाले पाहिजे म्हनीसन."

हे खरं होतं. मला लगेच कळलं की हे खरं आहे, कारण नानांना खोटं इतकं बावळट बोलता आलं नसतं. बौद्ध झालेल्या घराच्या हत्याराची देवीपुढे पूजा करणं म्हणजे त्यांचा अपमान, म्हणून त्यांनी शकूची तलवार कोपऱ्यात तशीच ठेवली होती. आदरानं ठेवली होती. तोच आदर आता दग्यासारखा दिसत होता. आणि हे कोणत्या पोलिसाला, कोणत्या वस्तीला समजावून सांगायचं होतं?

आतून डॉक्टर बाहेर आले. रंभाबाईला म्हणाले, मुलगी वाचेल, पण महिना-दीड महिना हलवायचं नाही, आणि असले खेळ यापुढे नकोत. रंभाबाई भिंतीला टेकली आणि तिथेच खाली बसली. मास्तरांनी चेहरा हातांत झाकला. मुंबई संपली, हे त्या वाक्यात सगळ्यांनाच कळलं.

नाना पुढे आले आणि रामजीकाकांच्या पायांवर वाकू लागले. रामजीकाका दोन पावलं मागे सरले.

"पाया नका पडू, वस्ताद. मले एक सांगा. माह्या घराचा मान कशात हाये, हे तुमी मले इचारलं व्हतं काय?"

नाना तसेच अर्धे वाकलेले.

"चार वर्सं झाली माही पोर तुमच्याकडे येते. एक डाव तरी इचारलं? इचारलं असतं त मी म्हटलं असतं, हयद नको. आन् धार त कोनालेच नको." ते हवालदाराकडे वळले आणि म्हणाले, चुकून झालं लिहा, कोणावर तक्रार नाही. त्यांच्या मागची माणसं चिडून बोलू लागली. रामजीकाकांनी त्यांना हातानं थांबवलं आणि मुलगी होती त्या खोलीकडे गेले.

आम्ही सिव्हिलपासून पांडेसऱ्यापर्यंत पायी आलो. नाना पुढे, मी चार पावलं मागे. उधना दरवाजा गेला, रेल्वेचा पूल आला. पुलाच्या उतारावर ते थांबले. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं. मला वाटतं, जन्मात पहिल्यांदाच त्यांनी मला काही विचारलं असेल, सांगितलं नसेल.

"कला, तुले बी तसंच वाटनं का?"

नाही म्हणणं सोपं होतं. त्यांना तेच हवं होतं, आणि त्या दिवसानंतर त्यांना काहीतरी द्यावं असं मलाही फार वाटत होतं.

मी हो म्हणाले.